चैत्रात मुलांच्या हाती काम द्या

फेब्रुवारी सरत आला की वसईच्या वाड्यांमध्ये दोन गोष्टी जोडीनं सुरू होतात. चर्चमध्ये उपवासकाळ लागतो आणि झाडांवर पाखरांची लग्नघाई. मोठ्यांना दोन्हींचं कौतुक असतं. मुलांना मात्र दोन्हीकडे प्रेक्षक म्हणून नेलं जातं. मिस्सेला नेलं की ‘गप्प बस’, पक्षी दाखवायला नेलं की ‘आवाज करू नकोस’. अर्ध्या तासात मूल कंटाळतं, मग आपण त्याच्या हातात मोबाइल देतो आणि ‘हल्लीच्या मुलांना कशातच रस नाही’ असं म्हणायला मोकळे होतो.

माझं म्हणणं साधं आहे. ऋतू मुलाला दाखवून कळत नाही. त्या ऋतूत त्याचं स्वतःचं, नेमून दिलेलं, त्याच्यावाचून अडेल असं एखादं काम असलं की कळतो. काम लहानच हवं, पण खरं हवं. फोटोपुरतं हातात झाडू दिलेलं मुलांना लगेच ओळखू येतं.

इथं मी वसईच्या ख्रिस्ती घरांतल्या वसंताबद्दल लिहितो आहे, कारण तो मला जवळून माहीत आहे. पण यातली निम्मीअधिक कामं कुठल्याही घरात, कुठल्याही देवळात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतही करता येतील.

आधी कॅलेंडर नीट बघून घ्या. ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतो, हे मुलांना विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्यांनाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. आपल्या पंचांगाच्या हिशेबानं ही पौर्णिमा सहसा होळीची तरी असते नाहीतर हनुमान जयंतीची तरी. २०२४ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला ईस्टर होता. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये पुन्हा होळीमागून, २८ मार्चला. मुलांना फेब्रुवारीतच गच्चीवर नेऊन चंद्र दाखवा आणि कुठली पौर्णिमा मोजायची ते त्यांनाच शोधू द्या. ईस्टरपासून मागे ४६ दिवस मोजले की राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, मिळतो. त्यातले सहा रविवार वगळले की उपवासाचे ४० दिवस उरतात. हे गणित चौथीतल्या मुलालाही जमतं, आणि एकदा स्वतः केलं की पुढचे दोन महिने त्याचे होतात.

राखेपासून मेणापर्यंत

पहिलं काम राखेच्या बुधवारच्याही आधीचं आहे आणि ते मुलांसाठीच असावं इतकं चांगलं आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, घरी आणलेले पातींचे क्रूस घरोघर तसबिरीमागे, दारावर, वेदीपाशी खोचलेले असतात. वर्षभरात ते वाळून पिवळे पडलेले असतात. त्यांचीच राख करून ती यंदा कपाळावर लावायची असते. हे वाळके क्रूस आळीतून गोळा करायचं काम सात-आठ वर्षांपुढच्या मुलांच्या जोडीला द्या. सोबत दोन मोठी माणसं असावीत, पण त्यांनी मागे राहावं आणि दार मुलांनीच वाजवावं. एरवी शेजारच्या आजींशी कधीही न बोललेलं मूल या निमित्तानं तिथे जाऊन बसतं आणि बहुधा सुकेळी खाऊन परततं.

जाळण्याचं काम अर्थातच मोठ्यांचं. लोखंडी घमेल्यात, वारा नसताना. वाळकी पात भुर्रकन पेटते, म्हणून मुलं चार पावलं लांब आणि बाजूला पाण्याची बादली. गार झालेली राख मुलांनी वस्त्रगाळ करावी, त्यात त्यांना मजा येते. एक काळजी मात्र घ्या: राख पाण्यात कालवून कपाळाला लावू नका. ओल्या राखेत तीव्र क्षार उतरतो आणि नाजूक कातडी भाजल्यासारखी लाल होते. राख कोरडीच लावावी, फार तर तेलाचं बोट फिरवून.

शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेत चौदा स्थानं असतात. एकेका स्थानाचं वाचन मुलांना द्यायची पद्धत पुष्कळ धर्मग्रामांत आहे. ते देताना उतारा आदल्या शुक्रवारी द्या, त्याच सकाळी नको. मोठ्या टायपात छापा, जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीनं रेघ मारा, आणि माइक तोंडापासून वीतभर लांब धरायचा हे रिकाम्या चर्चमध्ये एकदा करून बघा. आई-वडिलांनी समोर उभं राहून ओठ हलवू नयेत. आणि ज्याला बोलायचं नाही त्याला ढकलू नका. पुस्तिका वाटणं, शेवटी मोजून परत घेणं, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावणं हीही सेवाच आहे, आणि लाजरी मुलं ती वाचणाऱ्यांपेक्षा नेटकी करतात.

इथं एक गोष्ट आयोजकांना पटत नाही, पण मी ती आग्रहानं सांगेन. मुलांची कामं दर आठवड्याला बदलू नका. ‘सगळ्यांना संधी’ हे ऐकायला छान वाटतं, पण दर शुक्रवारी नवं मूल नवं काम करतं तेव्हा ते काम कुणाचंच नसतं. पुस्तिकांचं काम एका मुलीकडे संपूर्ण उपवासकाळ राहू दे. तिसऱ्या शुक्रवारी तीच येऊन सांगेल की सात पुस्तिका कमी आहेत आणि मागच्या बाकावरचे लोक त्या घरी नेतात.

झावळ्यांचा रविवार म्हणजे वसईत माडाच्या झावळ्या. त्या उतरवून घेण्याआधी झाडाखाली पाच मिनिटं उभं राहून वर बघायची सवय लावून घ्या. मार्च-एप्रिल हा घरट्यांचा काळ आहे. माडाच्या शेंड्यात कावळ्याचं किंवा खारीचं घरटं असू शकतं. ताडाच्या बाबतीत तर जास्तच जपा. ताडपाकोळी नावाचा चिमुकला पक्षी ताडाच्या लोंबत्या पानाच्या पोटाशी थुंकीनं पिसं चिकटवून घरटं करतो. बाग ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून सणाआधी ताडाची वाळकी पानं छाटली की ती घरटी पानांसकट खाली येतात. ही पाहणी करायचं काम मुलांचं. माडावर चढणाऱ्याला खालून ‘त्या बाजूची झावळी ठेवा’ असं सांगण्याचा मान दहा वर्षांच्या मुलाला मिळाला तर तो जन्मभर वर बघत चालेल.

पातीचा क्रूस करायला कोवळी, पिवळसर पात घ्या. मधला हीर काढून टाका. दोन पट्ट्या, एक लांब आणि एक तिच्या निम्म्यानं. एकीवर दुसरी आडवी ठेवून लांब पट्टीचं शेपूट तिरकं, मग उलट तिरकं गुंडाळायचं आणि मागच्या घडीत खोचायचं. हे लिहून वाचून येत नाही, हात बघूनच येतं. म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांसमोर शिक्षक बसवण्याऐवजी आळीतल्या दोन आज्या बसवा. आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवर हात बसू दे. आदल्या संध्याकाळी वळलेले क्रूस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले तर सकाळी वाळून उलगडत नाहीत.

पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात. पाणी कोमट करणं, तांब्या भरून देणं, पंच्यांच्या घड्या घालणं हे मुलांचं. २०१६ पासून या बारा जणांत स्त्रियांनाही घ्यायला व्हॅटिकननं मोकळीक दिली आहे, तेव्हा आळीतल्या मुलीनंही खुर्चीवर बसायला हरकत नाही. गुड फ्रायडेची मोठी उपासना भर उन्हात, तीनच्या सुमारास असते. इथं मुलांसाठी एकच काम मोलाचं आहे: पाणी. मंडपाच्या कडेला माठ, झाकण, ओगराळं आणि दर अर्ध्या तासानं ते भरलेत का हे बघणारी दोन मुलं. आणि पाणी वाटणाऱ्या मुलांनी स्वतः ते प्यायला हवं. उपवासाचा चर्चचा नियम १८ वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतो, मांस वर्ज्य करण्याचा १४ पासून. नऊ वर्षांच्या मुलानं उन्हात कोरडं राहून चक्कर येऊन पडावं, असं कुठेही सांगितलेलं नाही. आज्यांना हे जरा हळुवार सांगावं लागतं.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीला मेणबत्त्या असतात. मेणबत्तीभोवती पुठ्ठ्याची चकती घालायची, म्हणजे मेण हातावर ओघळत नाही. या चकत्या कापणं हे शनिवार दुपारचं उत्तम काम. केस बांधलेले, अंगावर सुती कपडे, आणि सहा वर्षांखालच्या मुलांच्या हाती पेटती मेणबत्ती नाही. दुसऱ्या दिवशी बाकांवर मेणाचे थेंब सापडतात. ते सुरीनं खरवडले की लाकडावर चरे पडतात. पिशवीत बर्फ घालून थेंबावर धरा, मेण कडक झालं की प्लॅस्टिकच्या फूटपट्टीनं अलगद उडवा. लुगड्यावर पडलं असेल तर खाली-वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री, आणि ती मोठ्यांनी करायची.

सुरक्षेचे नियम थोडक्यात सांगतो, पण ते टाळण्यासारखे नाहीत. मुलांच्या गटासोबत नेहमी दोन मोठी माणसं, कधीही एकटं नाही. पालकांना वेळ आणि जागा आधी कळवलेली. शिडी, वीज, स्पीकरच्या वायरी आणि मिरवणुकीतली गर्दी आवरणं ही मुलांची कामं नाहीत. आणि रात्रीच्या विधीनंतर मूल कुणाबरोबर घरी जाणार हे दुपारीच ठरलेलं असावं.

घंटा थांबते तेव्हा

पवित्र गुरुवारच्या मिस्सेत गौरवगीताला घंटा वाजतात आणि त्यानंतर थेट ईस्टरच्या जागरणविधीतल्या गौरवगीतापर्यंत त्या मुक्या असतात. मधल्या काळात लाकडी खटखटं वाजवतात. (वसईच्या घंटांचा विषय निघालाच आहे तर मुलांना हेही सांगा की चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर इथल्या पोर्तुगीज घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच मानली जाते. सुट्टीत नाशिकला गेलात तर दाखवा.)

घंटा मुक्या असतात ते हे दोन दिवस मुलांचा कान पक्ष्यांसाठी तयार करायला इतके सोयीचे आहेत की मी सगळ्यांना तिथूनच सुरुवात करायला सांगतो. गुड फ्रायडेला सुट्टी असते, टीव्ही बंद असतो, घरात आवाज कमी असतो. पहाटे साडेपाचला मुलाला उठवा, अंगणात किंवा गॅलरीत खुर्ची टाका आणि दुर्बिणीचं नावही काढू नका. पहिला महिना डोळ्यांपेक्षा कानांचा असू द्या. आपल्या परसातले निम्मे पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात आणि पानाआडचा पक्षी शोधताना मूल वैतागतं ते डोळ्यांवर भिस्त ठेवल्यामुळे.

पाच आवाज पुरेत. अंधारातच सुरू होतो तो कोकीळ. कुहू-कुहू करणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा नर असतो. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा. गाणारी कोकिळा ही आपली जुनी गैरसमजूत मुलांनी मोडली की ती घरभर सांगत सुटतात. मग झुंजूमुंजू होताना माडाच्या शेंड्यावर किंवा अँटेनावर बसून लांबलचक शीळ घालतो तो दयाळ. काळा-पांढरा, शेपूट वर केलेलं. एका सुरावर थांबत नाही, दर वेळी चाल बदलतो. शिंपी अंगठ्याएवढा, आवाज मात्र अंगणभर, ‘टुविट-टुविट-टुविट’. जास्वंदीवर लोंबकळणारा आणि उन्हात जांभळा-निळा चमकणारा तो शिंजीर. आणि उन्हं तापली की पाचवा: ‘टुक्… टुक्… टुक्…’ असा एका लयीत, दमल्याशिवाय. हा तांबट. अंगानं हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा, चिमणीहून थोडा थोराड. टुक्-टुक् करताना त्याची चोच मिटलेली असते, गळ्याची कातडी तेवढी फुगते. शिवाय तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कुठल्या झाडावरून येतोय हे कळतच नाही. मुलांना त्याला शोधायचं आव्हान द्या आणि स्वतः चहा प्या, वेळ लागणार आहे.

ज्यांच्याकडे वाडी आहे त्यांनी दुसरी जागा बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाची निवडावी. सूर्य पाठीशी घेऊन बसायचं, म्हणजे पाण्यावरची चकाकी डोळ्यांत येत नाही. दहा मिनिटं हललं नाही तर काठच्या केळीखालून लाजरी पाणकोंबडी बाहेर येते, पांढरी छाती आणि आखूड, सतत हलणारी शेपटी. खंड्या वायरीवर बसून असतोच. काठावर अंगाच्या रंगात मिसळून गेलेला वंचक उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतो, मुलं दचकतात. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मूल एकटं कधीही जाऊ नये, हे सांगायला नको. बावखलं एकेक करून बुजत गेली आहेत. हिरव्या वसईसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आयुष्यभर बोलले आणि लिहिले. वाचवलेल्या बावखलाच्या काठी बसून पक्षी मोजणारं मूल ते बोलणं मोठेपणी आपसूक समजून घेईल.

याच दिवसांत जाणाऱ्या पाहुण्यांवरही लक्ष ठेवा. हिवाळाभर राहिलेले धोबी आणि भिंगऱ्या एप्रिलपर्यंत उत्तरेकडे निघून जातात. काटेसावर आणि पांगाऱ्याच्या लाल फुलांवर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवेच्या थवे कलकलाट करतात आणि एक दिवस दिसेनासे होतात. त्या मध्य आशियाकडे निघालेल्या असतात. ‘आज भोरड्या नव्हत्या’ ही वहीतली नोंद ‘आज दिसल्या’ इतकीच कामाची असते.

पाणी, दाणे आणि जळमटं

पाण्याचं भांडं हे या ऋतूतलं घरचं सर्वांत चांगलं काम. मातीचा पसरट परळ घ्या, खोल कुंडं नको. पाणी दोन बोटं. मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे छोट्या पाखरांना पाय टेकायला जागा. जागा सावलीची, पण दाट झुडपापासून पाच-सहा फूट मोकळी, नाहीतर मांजर तिथेच दबा धरून बसतं. पाणी रोज सकाळी बदलायचं आणि भांडं नारळाच्या काथ्यानं घासायचं, साबण नाही. रोज म्हणजे रोज, कारण साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासाची नवी पिढी तयार होते. हे काम घरातल्या एकाच मुलाचं असावं आणि त्याची आठवण आईनं करून देऊ नये. एक दिवस पाणी राहिलं आणि साळुंक्या येऊन कोरड्या भांड्यात चोच आपटून गेल्या, तर तेवढी आठवण पुरते.

दाण्यांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. चिवडा, शेव, बिस्किट, पाव हे पक्ष्यांचं खाणं नाही. मूठभर कणी किंवा बाजरी पुरे, आणि तीही सकाळी एकदाच. जास्त टाकलं की चिमण्या बाजूला राहतात आणि कबुतरं येतात. कबुतरांच्या विष्ठेनं फुप्फुसांना होणाऱ्या त्रासावरून आणि कबूतरखान्यांवरून २०२५ मध्ये मुंबईत किती वादंग झालं ते आपण पाहिलं आहे. कबुतरं येऊ लागली तर दाणे बंद करा, पाणी चालू ठेवा.

दाण्यांपेक्षा झाड बरं. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळं बुलबुल आणि कोकीळ आवडीनं खातात, म्हणून घरच्या कढीपत्त्याचे सगळे तुरे खुडू नका. कढीपत्ता आणि लिंबू यांच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या होतात. पानं कुरतडलेली दिसली की हात फवारणीच्या बाटलीकडे जातो, तो आवरा. पिल्लांना भरवायला पाखरांना अळ्याच लागतात. शिंजीर आणि दयाळ अंगणात हवेत पण अळी नको, हे जमत नाही. जागा असेल तर उंबर लावा, तांबट आपोआप येईल. सिंगापूर चेरीच्या झाडाला लोक हलकं समजतात, पण त्याच्या गोड फळांवर फुलटोच्या येतो. आठ सेंटीमीटरचा हा पक्षी आपल्या देशातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी आहे. गॅलरीत कुंडीतली साधी लाल जास्वंदसुद्धा शिंजिराला पुरते.

आणि सणाची साफसफाई. ईस्टरच्या आधी घरं रंगतात, कोपरान् कोपरा झाडला जातो. घरातली जळमटं जरूर काढा, पण बाहेर पडवीच्या आढ्यातली, कुंपणातली थोडी राहू द्या. शिंजिराचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यानं विणलेलं असतं, शिंपी पानं शिवतो तेही जाळ्याच्या आणि कापसाच्या धाग्यांनी. मी तर सांगेन की पडवीच्या एका कोपऱ्यावर मुलानं पाटी लावावी: इथं झाडू नये.

घरटं सापडलं की मूल सगळ्या मित्रांना बोलावतं. तेवढं मात्र थांबवा. घरट्यासमोर गर्दी झाली की कावळ्यांचंही लक्ष जातं. लांबून, एकदा, फ्लॅश न मारता बघायचं आणि परत फिरायचं. ईस्टरला मार्झिपानची रंगीत अंडी वाटली जातात, हात लावायला तीच आहेत, हे मुलांना पटतं. खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर आधी त्याच्या अंगावर पिसं आहेत का बघा. पिसं फुटलेलं पिल्लू बहुतेक वेळा उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या फांदीवर ठेवा, मांजर हाकला आणि लांब व्हा, आई-बाप जवळपासच असतात. अगदी उघडं पिल्लू असेल आणि घरट्यापर्यंत हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतात, ही भीती खोटी आहे. पण ‘पाळू या’ म्हणून घरात आणू नका. आपल्याकडच्या पोपटाला पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, मग तो कितीही विठू-विठू बोलो.

नोंदीसाठी साधी शंभर पानी वही. तारीख, वेळ, जागा, पक्षी, काय करत होता. चित्र वेडंवाकडं चालेल, इंटरनेटवरचं छापून चिकटवलेलं नको. मोजण्याची एक पद्धत मुलांना आधीच शिकवा: तीन चिमण्या आल्या, गेल्या आणि पुन्हा दोन आल्या तर त्या पाच होत नाहीत. एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तितक्या लिहायच्या. हे जमलं की फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणाऱ्या परसबागेतल्या जागतिक पक्षिगणनेत भाग घ्या. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या गणनेत भारतातले लोक २०१३ पासून उतरले. कुठल्याही एका जागी किमान पंधरा मिनिटं मोजायचं आणि यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरायची, एवढंच असतं. २० मार्चचा चिमणी दिवस हे त्यानंतरचं सोपं निमित्त. नावं मराठीत लिहायचा आग्रह धरा. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ वाचनालयात मिळतो, तो मुलाला चाळायला द्या. दुर्बीण पुढच्या वर्षी, मुलानं तीनदा मागितल्यावर घ्या. आठपट दिसणारी, हलकी असली की पुष्कळ.

चर्चशी संबंध नसलेल्या घरांतही हाच साचा चालतो. देवळातल्या रामनवमीच्या पाळण्याची फुलं, हनुमान जयंतीला पहाटे वाटायच्या प्रसादाचे द्रोण मोजणं, पाडव्यापासून आळीच्या तोंडाशी मांडलेल्या पाणपोईचे माठ भरणं. मुलानं पाणपोई सांभाळायची आणि खाली सांडणाऱ्या पाण्यापाशी परळ ठेवायचा, म्हणजे दोन्ही कामं एकाच जागी होतात.

मे उजाडला की परीक्षा संपलेल्या असतात आणि बरीच घरं गावी जायला निघतात. पाण्याच्या भांड्याला आलेली पाखरं तोवर तिथे यायला सरावलेली असतात आणि नेमका तोच महिना सर्वांत कोरडा असतो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी मुलानं शेजारच्या कुणाला तरी सकाळी सोबत घ्यावं, भांडं कसं घासायचं, दगड कुठे ठेवायचा, मांजर कुठून येतं ते दाखवावं आणि काथ्याचा गोळाही त्यांच्याकडे द्यावा. शेजारी कुणी नसेल तर भांडं उचलून आत ठेवा. पंधरा दिवस साचलेलं पाणी पाखरांपेक्षा डासांच्या उपयोगी पडतं. परतल्यावर वहीत मधली पानं कोरी सोडून पुढे लिहायला लागा. जूनच्या तोंडावर पावश्या ओरडायला लागेल, त्याची तारीख लिहून ठेवा आणि पहिला पाऊस त्यानंतर किती दिवसांनी पडला ते मुलाला मोजू द्या.